जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या नॅव्हिगेशनला नवा नकाशा: कामाच्या नोंदी

गाडी २०१२ ची, दादाची. डॅशबोर्डमध्ये सात इंची टू-डिन (दुप्पट उंचीच्या खाचेत बसणारी) टचस्क्रीन आहे, शोरूममधून गाडी घेतानाच बसवून आलेली. आत विंडोज सीई ६ (छोट्या यंत्रांसाठीची विंडोज), नॅव्हिगेशन एसडी कार्डावर, जीपीएस रिसीव्हर युनिटच्या आतच. रेडिओ, रिव्हर्स कॅमेरा, ब्लूटूथ सगळं अजून नीट चालतं. फक्त नकाशा २०१२ मध्येच थांबलाय. त्यात समृद्धी नाही, अटल सेतू नाही, चांदणी चौकातला नवा पूल नाही. अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं तर असणारच नाहीत. ज्यांनी मूळ नकाशा दिला होता ते या मॉडेलसाठी आता अपडेट देत नाहीत.

अशा गाड्या अजून रस्त्यावर खूप आहेत. म्हणून केलं ते तारीखवार लिहून ठेवतोय. सिद्धांत नाही, फक्त काय चाललं आणि काय नाही चाललं.

४ ऑक्टोबर २०२५

आधी ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारून आलो. "साहेब, हे काढून टाका, अँड्रॉइड बसवून देतो, नऊ हजारात फ्रेमसकट." काढायचं तर फ्रेम नवी, स्टीअरिंगवरच्या बटणांचं जोडकाम नवं, कॅमेऱ्याची पिन वेगळी. चालू असलेलं यंत्र केवळ नकाशासाठी फेकायचं हे पटलं नाही. दादालाही नाही. त्याला तीच मोठी बटणं आणि तोच पडदा हवाय.

मूळ कार्ड बाहेर काढलं. ४ जीबीचं. बाजूची कुलूपपट्टी खाली सरकवूनच लॅपटॉपला लावलं आणि लिनक्सवर डीडी या कमांडने संपूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली. सगळ्यात पहिलं काम हेच करा. या कार्डावर एकही फाइल लिहू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. मूळ नॅव्हिगेशनचा परवाना बहुतेक वेळा कार्डाच्या आतल्या क्रमांकाला बांधलेला असतो. तो क्रमांक कार्ड बनतानाच त्यात कोरलेला असतो आणि फाइली कॉपी करून दुसऱ्या कार्डावर जात नाही.

खात्री करून घेतली. प्रतिमा दुसऱ्या कार्डावर उतरवली आणि युनिटमध्ये घातली. प्रोग्रॅम उघडला, परवाना सापडत नाही असं सांगून बंद झाला. म्हणजे मूळ कार्ड गेलं तर मूळ नॅव्हिगेशन कायमचं गेलं. ते आता प्लास्टिकच्या डबीत, कपाटात.

मूळ प्रोग्रॅममध्ये नवा नकाशा घुसवण्याचा विचार इथेच सोडला. त्याच्या नकाशाच्या फाइली कुलूपबंद आहेत, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या फोडलेल्या प्रती मला वापरायच्या नाहीत.

५ ऑक्टोबर

रस्ता सापडला. या जातीच्या युनिटमध्ये सेटिंगमध्ये "नॅव्हिगेशन पाथ" नावाचा एक पर्याय असतो. नॅव्हिगेशनचं बटण दाबल्यावर कुठली फाइल चालवायची ते तिथे निवडता येतं. म्हणजे कार्डावरचा कुठलाही प्रोग्रॅम तिथे लावता येतो.

पहिला लावला तो टोटल कमांडरची विंडोज सीईवाली आवृत्ती, छोटा फाइल मॅनेजर. नॅव्हिगेशनचं बटण दाबलं आणि युनिटच्या पोटातले सगळे फोल्डर समोर. कार्डाचा फोल्डर "एसडीएमएमसी" नावाने दिसतो. काही युनिटवर तो "स्टोरेज कार्ड" असतो. पुढे प्रत्येक मार्गात हेच नाव अचूक लागतं, म्हणून लिहून घेतलं. प्रोसेसर एआरएम जातीचा आहे आणि मेमरी १२८ एमबी, हेही इथूनच कळलं. एमआयपीएस या दुसऱ्या जातीचा निघाला असता तर पुढचं सगळं बाद होतं. तुम्ही हे काम करणार असाल तर आधी प्रोसेसर बघा, मग कार्ड विकत घ्या.

कार्डाबद्दल: घरात ६४ जीबीचं होतं, ते युनिटने ओळखलंच नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात, या काळातल्या यंत्रांना ती कळत नाहीत. ८ जीबीचं एसडीएचसी, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं, लगेच चाललं. ३५० रुपये.

११ ऑक्टोबर

गाडीत बसून काम करणं बंद. किल्ली ॲक्सेसरीवर ठेवून तासन्तास स्क्रीन चालू ठेवली की बॅटरी उतरते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं बरोबर नाही. युनिट बाहेर काढून घरी टेबलावर मांडलं.

यासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा) आणला, एलईडीच्या पट्ट्यांना लावतात तो. ६५० रुपये. युनिटच्या मागच्या जोडणीत पिवळी तार कायम १२ व्होल्टची, लाल ॲक्सेसरीची, काळी अर्थची. टेबलावर पिवळी आणि लाल एकत्र करून पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. पिवळ्या तारेवरचा फ्यूज तसाच राहू द्या. काही कंपन्यांच्या गाड्यांमध्ये पिवळी-लालची जागा उलटी असते, त्यामुळे रंगावर विसंबू नका, काढण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. किल्ली बंद असताना जिच्यावर व्होल्टेज येतं ती कायमची.

जीपीएसचा अँटेना युनिटला स्क्रूच्या जोडाने लागतो. गाडीतून तोही काढून आणला आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला. अँटेना सापडला तो डॅशबोर्डच्या आत, लोखंडी आडपट्टीच्या खाली चिकटवलेला. म्हणजे बारा-तेरा वर्षं तो आकाशाकडे लोखंडातून बघत होता. "गाडीला लोकेशन उशिरा मिळतं" ही दादाची जुनी तक्रार बहुधा याचीच.

१२ ऑक्टोबर

प्रोग्रॅम म्हणून नॅविट निवडला. खुला, मोफत, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा वापरणारा, आणि विंडोज सीईवर चालणारी त्याची तयार आवृत्ती उपलब्ध आहे. मिळाली ती जुनी आहे, पण या यंत्रालाही तीच शोभते. सगळं सेटिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये असतं, कुठलाही टेक्स्ट एडिटर चालतो.

स्क्रीन उघडली, कोरी. नकाशा नाही, जागा नाही. अपेक्षितच होतं. आधी जीपीएस जोडायला घेतलं.

आतला रिसीव्हर युनिटला एका सीरियल पोर्टवर जोडलेला असतो. कुठला पोर्ट ते बाहेरून दिसत नाही. मूळ कार्डाच्या प्रतिमेत जुन्या प्रोग्रॅमची सेटिंग फाइल होती, तिच्यात "कॉम २" लिहिलेलं सापडलं. नॅविटमध्ये कॉम २ घातलं, पोर्टवरून माहिती येण्याचा वेग ४८०० ठेवला. काहीच नाही. वेग ९६०० केला, तरी काहीच नाही.

संध्याकाळ गेली यात. कारण शेवटी साधं निघालं. मी मधेमधे जुनं कार्ड घालून तुलना करत होतो (कुलूपपट्टी लावून). जुना प्रोग्रॅम बंद केला तरी पाठीमागे चालूच राहतो आणि पोर्ट धरून ठेवतो. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. युनिटची वीज पूर्ण काढून, फक्त नवं कार्ड घालून सुरू केलं, आणि ९६०० वर ओळी पळायला लागल्या. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, अक्षांश-रेखांश असलेल्या. ४८०० वर त्याच ओळी कचरा दिसतात. दुसऱ्या युनिटवर काम करताना आधी वीज काढा, मग पोर्ट शोधा.

पहिल्यांदा जागा मिळायला बराच वेळ लागला. वीज पूर्ण काढल्यामुळे रिसीव्हरकडची उपग्रहांची यादी बहुधा पुसली गेली होती. ती संपूर्ण यादी आकाशातून उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात, याहून लवकर होतच नाही. तोवर अँटेना हलवू नका.

१५ ऑक्टोबर

आज रिसीव्हरच्या ओळींमधली तारीख बघितली: १ मार्च २००६. जागा अचूक, वेळ अचूक, तारीख मात्र साडेएकोणीस वर्षं मागची.

जीपीएसचा जुना संदेश आठवड्याचा क्रमांक १० बिटमध्ये पाठवतो, म्हणजे १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. अशी शेवटची फेरी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाली. जे रिसीव्हर त्यासाठी तयार नव्हते ते तेव्हापासून २२ ऑगस्ट १९९९ पासून पुन्हा मोजतात. १५ ऑक्टोबर २०२५ मधून १०२४ आठवडे वजा केले की १ मार्च २००६ येतं. मी कागदावर करून बघितलं, दिवस बरोबर जुळतो.

याने जागा चुकत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण एक परिणाम आहे जो मला आधी कळला नव्हता. नॅविट रात्रीचे गडद रंग आपोआप लावतो तो सूर्यास्त मोजून, आणि सूर्यास्त मोजतो तो जीपीएसच्या तारखेवरून. मार्चच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य ऑक्टोबरच्या मध्यापेक्षा साधारण अर्धा तास उशिरा मावळतो. तेवढा वेळ अंधारात पांढरीशुभ्र स्क्रीन डोळ्यांवर येणार. आपोआप बदल काढून टाकला आणि स्क्रीनवर दिवस-रात्रीचं बटण दिलं. दादाला बटणच बरं वाटलं.

तुमच्या युनिटचं घड्याळ जीपीएसवरून लागत असेल आणि तारीख वेडीवाकडी दिसत असेल तर कारण हेच असण्याची शक्यता खूप आहे. रिसीव्हर बदलण्याआधी १०२४ आठवड्यांचं गणित करून बघा.

१८ ऑक्टोबर

नकाशा. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा विभागवार मिळतो, तिथून भारताच्या पश्चिम विभागाची फाइल उतरवली. महाराष्ट्र, गुजरात, गोवा त्यात येतात, आणि ती रोज ताजी होते. नॅविटसोबत येणाऱ्या मॅपटूल या प्रोग्रॅमने तिची बिन फाइल (नॅविटला वाचता येणारा नकाशा) बनवली आणि कार्डावर टाकली.

रस्ते आले. बाल्कनीतला बाण आमच्या गल्लीवर बरोबर बसला. चांदणी चौकाचे सगळे फाटे दिसले, शिवडी ते न्हावा शेवा अटल सेतू दिसला. दादाला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ समृद्धीच्या रेषेवरून बोट फिरवत राहिला, नागपूरपर्यंत.

पण दोन गोष्टी मोडलेल्या होत्या. गाव शोधलं तर काहीच सापडत नव्हतं, आणि मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी नुसते चौकोन.

दिवाळी आली, युनिट टेबलावरून उचलून ठेवलं.

२६ ऑक्टोबर

आधी शोध. देश "इंडिया" निवडला की गावांची यादी रिकामी. नकाशावर गाव आहे, यादीत नाही.

मॅपटूल गाव कुठल्या देशात आहे ते देशाच्या सीमारेषेवरून ठरवतं. पश्चिम विभागाच्या फाइलमध्ये भारताची सीमा अर्धवट कापलेली आहे, गुजरातपाशी सुरू होते आणि मधेच संपते. रेषा बंद होत नाही, म्हणून कुठलंच गाव भारतात मोजलं जात नाही.

उपाय: संपूर्ण भारताची फाइल उतरवली, दीड जीबीच्या आसपास. ऑस्मियम या, असा डेटा कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅमने तिच्यातून देशाची सीमा तिच्या सगळ्या बिंदूंसह वेगळी काढली. मग महाराष्ट्राचा चौकोन कापला, रेखांश ७२.६ ते ८०.९, अक्षांश १५.६ ते २२.१. या चौकोनात गोवा पूर्ण येत नाही. गोव्याला जाणारे असाल तर खालची कड १४.८ पर्यंत न्या. कापताना "स्मार्ट" पद्धत वापरा आणि सीमा प्रकारचे रिलेशनही (अनेक रेषा एकत्र बांधणाऱ्या नोंदी) पूर्ण घ्यायला सांगा, नाहीतर जिल्ह्यांच्या सीमांचं तेच होतं. शेवटी दोन्ही फाइली जोडून पुन्हा मॅपटूल.

आता गावं सापडतात. नवीन नावांनीच सापडतात. अहमदनगर टाइप केलं तर यादी रिकामी, अहिल्यानगर टाकलं की लगेच. दादाच्या बोटांना जुनी सवय आहे, त्याला जायची नेहमीची ठिकाणं बुकमार्क करून दिली.

२ नोव्हेंबर

मराठी नावं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि हवं ते मिळालं नाही.

युनिटमध्ये देवनागरी फाँट नव्हता. एक खुला देवनागरी फाँट फाँटच्या फोल्डरमध्ये टाकला आणि सेटिंग फाइलमध्ये त्याचं नाव दिलं. चौकोन गेले, अक्षरं आली, पण मोडलेली. नाशिकमधली पहिली वेलांटी श च्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे. कोल्हापूरमधला ल पायमोडका वेगळा, ह वेगळा. फाँटमध्ये सगळं आहे. अक्षरांची मांडामांड करणारा जो भाग ऑपरेटिंग सिस्टीममध्ये लागतो तो या युनिटच्या विंडोज सीईमध्ये घातलेलाच नाही. तो बाहेरून घालायचा तर युनिटची मूळ प्रणालीच बदलावी लागेल, आणि त्यात चालू यंत्र कायमचं बंद पडण्याचा धोका आहे. तिथे थांबलो.

वेगात गाडी चालवताना मोडकं मराठी वाचणं धोक्याचं आहे. म्हणून नाइलाजाने नावं रोमन लिपीत नेली. पायऑस्मियममध्ये (ऑस्मियम पायथनमधून वापरायची सोय) छोटी स्क्रिप्ट लिहिली. ज्या ठिकाणाचं मुख्य नाव देवनागरीत आहे त्याचं इंग्रजी नाव डेटात असेल तर ते पुढे आणायचं. नसेल तर अक्षर-दर-अक्षर रूपांतर करायचं. रूपांतरित नावं ओबडधोबड होतात, शेवटचा "अ" उगाच चिकटतो. मोठ्या गावांना इंग्रजी नाव असतंच, त्यामुळे त्रास लहान वाड्या-वस्त्यांपुरता आहे.

मला हे मनापासून खटकलं. आपल्याच रस्त्यावर आपल्याच गावाचं नाव आपल्या लिपीत दिसावं ही फार मोठी मागणी नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्रात विकलेल्या गाडीत त्याची सोय ठेवायला हवी होती.

मूळ डेटातली मराठी नावं मात्र कायम आहेत. स्क्रिप्ट फक्त माझ्या प्रतीवर चालते. ओपनस्ट्रीटमॅपवरची मराठी नावं कुणी कृपा करून इंग्रजीने खोडू नका, पुढच्या यंत्रांना ती लागणार आहेत.

९ नोव्हेंबर

लांबचा मार्ग. पुणे ते लोणावळा दिला, पटकन आला. पुणे ते नाशिक, थोडा वेळ घेऊन आला. पुणे ते नागपूर दिला आणि प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा दिला, पुन्हा बंद.

मेमरी संपते. १२८ एमबीपैकी विंडोज, रेडिओ, ब्लूटूथ सगळं जाऊन हातात फार थोडी उरते, आणि मार्ग काढताना नॅविट मधल्या सगळ्या रस्त्यांचं जाळं मेमरीत उभं करतो.

आधी नकाशा हलका केला. इमारती, शेतं, झाडी, जमिनीचा वापर ही सगळी माहिती ऑस्मियमने गाळली. रस्ते, गावं, नद्या, पेट्रोल पंप, दवाखाने ठेवले. स्क्रीन सरकवताना फरक चांगला जाणवतो, पण नागपूरचा मार्ग तरीही पडला.

खरा उपाय सेटिंग फाइलमध्येच होता. गाडीच्या प्रोफाइलमध्ये "रूट डेप्थ" नावाची एक ओळ असते: ४:२५%, ८:४००००, १८:१००००. अर्थ असा की दोन्ही टोकांभोवती १० किलोमीटरमध्ये गल्ल्यांपर्यंत सगळे रस्ते घ्यायचे, ४० किलोमीटरपर्यंत मध्यम रस्ते, आणि बाकी संपूर्ण पट्ट्यात फक्त मोठे, तेही पट्ट्याच्या बाहेर २५ टक्के जागा सोडून. हे आकडे मी ४:१०%, ८:२००००, १८:५००० केले. पुणे ते नागपूर आला. सावकाश आला, पण आला.

किंमत अशी की गाव मुख्य रस्त्यापासून फार आत असेल तर मार्ग मिळत नाही असं तो सांगतो. तेव्हा आधी जवळचं तालुक्याचं गाव द्यायचं, तिथे पोचलं की पुढचं. कोकणात किंवा मेळघाटात जाणाऱ्यांनी १८ चा आकडा १०००० वरच ठेवून बघावा.

१५ नोव्हेंबर

युनिट गाडीत परत बसवलं. अँटेना आता डॅशबोर्डच्या वर, काचेच्या कोपऱ्यात, दुहेरी टेपने. वायर ए-पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या, पट्टीखालून नेली, एअरबॅग नसलेल्या बाजूने. पिलरमध्ये एअरबॅग असेल तर वायर तिच्या समोरून कधीही नेऊ नका, मागून न्या किंवा गाडीच्या माणसाकडून करून घ्या.

चालू केलं तर नॅव्हिगेशनच्या बटणाला काहीच होईना. पिवळी तार काढल्यावर नॅव्हिगेशन पाथ मूळ जागी गेला होता. पुन्हा निवडला. गॅरेजवाल्याने कधी बॅटरी काढली तर हेच होणार, म्हणून कसं निवडायचं ते कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय.

जागा आता किल्ली फिरवल्यावर लवकर मिळते. या सगळ्या खटाटोपात दादाला सर्वात जास्त आवडलेला बदल हाच, आणि तो नकाशाचा नाहीच. पैसे शून्य. नकाशा बदलायचा नसेल तरी जुन्या गाडीत अँटेना कुठे चिकटवलाय ते एकदा बघाच.

२२ नोव्हेंबर

पुणे ते नागपूर, दादा आणि मी. पुण्याहून अहिल्यानगर रस्त्याने छत्रपती संभाजीनगर, सावंगीपाशी समृद्धीवर.

पहिली अडचण पोचण्याच्या वेळेची. निघताना स्क्रीन जी वेळ सांगत होती ती कुठल्याच माणसाला शक्य नव्हती. नॅविटमधले रस्त्यांचे वेग युरोपातल्या रस्त्यांचे आहेत. शिक्रापूरच्या गर्दीत, चौपदरी असला तरी, त्या वेगाचा विचारही करता येत नाही. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा कार्ड लॅपटॉपला लावून वेग बदलले. प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला वेगळा आकडा देता येतो. एक्स्प्रेसवेला १००, राष्ट्रीय महामार्गाला ६०, राज्य महामार्गाला ४५, त्याखालच्या रस्त्यांना ३०, गावातल्यांना २०. याचा दुसरा फायदा असा की अरुंद रस्त्याने "जवळून" नेण्याचा हट्ट तो सोडतो.

सावंगीला वर चढताना बाण बरोबर फाट्यावर होता. समृद्धीवर पूर्ण वेळ रस्त्यावरच राहिला. जुन्या कार्डावर हा सगळा प्रवास शेतांमधून उडत गेल्यासारखा दिसला असता. "आता कुठे आलो?" हे दादाने एकदाही विचारलं नाही, तो स्वतःच वाचून मला सांगत होता, मेहकर आलं, कारंजा आलं. समृद्धीवर खायला-प्यायला आणि डिझेलला मोजक्याच जागा आहेत, म्हणून नकाशा हलका करताना पंप गाळले नाहीत हे बरं झालं. पण नव्या पंपांपैकी सगळे ओपनस्ट्रीटमॅपवर नाहीत. रात्रीच्या प्रवासात स्क्रीनवरच्या पंपावर विसंबू नका, टाकी भरूनच चढा.

वळणाच्या सूचना इंग्रजीत आहेत, आवाज यांत्रिक आहे, स्पीकरवर रेडिओ चालू असेल तर दबतो. रेडिओचा आवाज आपोआप कमी होण्याची सोय फक्त मूळ प्रोग्रॅमला होती.

३० नोव्हेंबर

घरी आल्यावर वाटेत टिपलेल्या चुका ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्त केल्या. एक बंद केलेला दुभाजकातला कट, दोन पंप, आमच्या आजोळच्या गावचा नवा ओढ्यावरचा पूल. स्वतः डोळ्यांनी पाहिलं तेवढंच घाला. दुसऱ्या नकाशावर बघून इथे काढणं चालत नाही, ती चोरी होते आणि इतरांनी वर्षानुवर्षं घातलेलं काम धोक्यात येतं.

हे करताना जे वाटलं ते लिहितो. जुन्या कार्डावर चुकीचा रस्ता दिसला की तक्रार करून वाट बघायची, एवढंच हातात होतं. आता पूल मी घातला आणि पुढच्या बांधणीत तो दादाच्या गाडीत आला. आजोळचा पूल डॅशबोर्डवर दिसल्यावर आईने तिथल्या मामाला फोन करून सांगितलं.

७ डिसेंबर

नकाशा पुन्हा बांधण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच स्क्रिप्टमध्ये घातल्या: भारताची फाइल उतरवणे, सीमा काढणे, चौकोन कापणे, नावं बदलणे, गाळणे, जोडणे, मॅपटूल. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ती चहा-नाश्त्याच्या वेळात पुरी होते, फाइल उतरण्याचा वेळ सोडून. नवी बिन फाइल कार्डावर टाकताना जुनी लगेच पुसत नाही, नाव बदलून ठेवतो. नवी नीट उघडली तरच जुनी जाते.

खर्च: कार्ड ३५०, एसएमपीएस ६५०, कनेक्टर आणि टेप मिळून २०० च्या आत. एसएमपीएस पुढेही कामाला येईल.

राहिलेलं काम असं. आवाज मराठीत करायचा आहे. ईस्पीक एनजी या मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आहे, पण ते या युनिटवर चालत नाही. त्यामुळे सूचना आधीच ध्वनिमुद्रित करून त्या फाइली वाजवता येतात का ते बघतोय. वहिनी आवाज द्यायला तयार आहे. "डावीकडे वळा", "उजवीकडे वळा", "सरळ चला", आणि आकडे, एवढं आधी मुद्रित करायचं ठरलंय. दुसरं, समृद्धीवर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे उपग्रह तुटल्यावर बाण काय करतो ते अजून पाहिलेलं नाही. मुंबईची खेप होईल तेव्हा ती नोंद इथे घालीन.